भीमथडीचं घोडं कुणी राखलं?

(सुलतानपूर, जि. बुलढाणा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



१९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं राज्यगीत झालं. त्याआधीही ते आपण म्हणत होतोच. नागपूरच्या राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज. त्यात भीमथडीच्या घोड्यांचा उल्लेख येतो, आणि तिथे सगळ्यांचा आवाज चढतो. आता मी शाळेतल्या मुलांना विचारतो, की बाबांनो, हे भीमथडीचं घोडं म्हणजे काय? कुणी म्हणतं शिवाजी महाराजांचा घोडा. कुणी म्हणतं तो उंच, पांढरा, यात्रेत नाचतो तो. एखादा म्हणतो, "सर, ते आता नसतात."

नसतात कसं? असतात. कदाचित तुमच्या नात्यातल्या कुणाच्या शेतात मेंढरं बसली असतील तेव्हा तुम्ही ते पाहिलंही असेल. पाठीवर भांडी, गोधड्या, त्यावर बांधलेली कोंबडी, आणि सगळ्यात वर एखादं पोर. फक्त तेव्हा आपल्याला ते "घोडा" वाटलेलं नसतं. आपण त्याला तट्टू म्हणून सोडून दिलेलं असतं. आजचं माझं सगळं बोलणं याच एका गोष्टीभोवती आहे. ज्या घोड्याचा आपण जयजयकार करतो, तो टिकवला कुणी, आणि आता त्याला परत वर आणायचं म्हणतात तेव्हा नक्की काय वर आणायचं?

आधी नाव. थडी म्हणजे नदीचा काठ. पैलथडी, ऐलथडी आपण म्हणतो ना, तीच थडी. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुकाच होता, आजच्या दौंड-बारामतीच्या बाजूचा. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यांत जे घोडे पैदा व्हायचे त्यांना ते नाव पडलं. दख्खनी घोडा असंही म्हणतात.

हा घोडा आला कुठून? इथे थोडं समुद्राकडे जावं लागेल. हिंदुस्थानात, विशेषतः दक्षिणेत, चांगला घोडा कायम बाहेरून आणावा लागायचा. अरबस्तानातून, इराणातून, होर्मुझच्या बंदरातून गलबतं भरून घोडे यायचे. ते चौलला, दाभोळला, पुढे गोव्याला उतरायचे. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो दक्षिणेत आला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथले राजे घोड्यांवर अमाप पैसा घालवतात आणि वर्षभरात त्यातले बहुतेक मरतात, कारण घोडा ठेवायचा कसा हेच लोकांना ठाऊक नाही. पुरता विश्वास ठेवू नका, प्रवासी मीठमसाला लावतातच. पण घोडा विकणाऱ्यांना तो मरण्यातच फायदा होता, एवढं खरं.

मग १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याच्याजवळ विकायला आणलेला एकच घोडा होता, होर्मुझहून आणलेला. तिथून तो जुन्नरला गेला. जुन्नरच्या खानाने घोडा जप्त केला आणि म्हणाला, धर्म बदल, मग घोडा परत देतो आणि वर पैसेही देतो. निकितिन रडकुंडीला आला. शेवटी एका ओळखीच्या माणसाच्या मध्यस्थीने घोडा सुटला आणि पुढे बिदरकडे त्याने तो विकला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, अलिबागला फिरायला गेलात तर बघून या. मी ही गोष्ट सांगतो ती एवढ्यासाठी की एका घोड्यापायी एक सुभेदार इतका आग्रही होतो, त्यावरून त्या काळी घोड्याची किंमत कळते.

आता, बाहेरून येणारा अरबी किंवा तुर्की घोडा देखणा आणि वेगवान, पण खर्चिक. त्याला आपली उन्हाळ्यातली उपासमार सोसत नाही. इथलं मूळचं तट्टू लहानखुरं, पण खडकावर न अडखळणारं, कुसळी गवतावर जगणारं. या दोघांच्या संकरातून, दोन-तीनशे वर्षांत, दख्खनी घोडा घडत गेला. हा काही कुणी कागदावर आखलेला प्रयोग नव्हता. ज्या घोडीचं शिंगरू मोहिमेतून जिवंत परत आलं, तिचा वंश पुढे चालला. खांद्याशी साधारण सव्वाचार फूट उंची. खूर टणक. आणि खाण्याच्या बाबतीत फारसे नखरे नाहीत.

खाणं म्हणजे काय, तेही बघू. भीमेच्या खोऱ्यात पाऊस कमी. तिथे झाडी दाट होत नाही, माळ असतात. माळावर पवन्या, शेडा, मारवेल असली गवतं. पाऊस सरला की ती वाळतात, पण वाळल्यावरही त्यांच्यात कस राहतो. घोड्याला वरून चंदी द्यायची, म्हणजे हरभरा किंवा हुलगा. हुलग्याला इंग्रजीत घोड्याचा हरभरा अशा अर्थाचंच नाव आहे. आणि ज्वारीचा कडबा. थोडक्यात, जे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पिकतं तेच घोडं खातं. म्हणून ते इथे टिकलं.

तुम्ही म्हणाल, हे झालं पुण्याकडचं, आमचं काय? आपल्या तालुक्याला लागून सिंदखेड राजा. जिजाऊंचं माहेर, लखुजीराव जाधवांचं. लखुजीरावांसारख्या सरदाराचं वजन कशात मोजत? घोड्यांत. मोगली मनसबीत 'सवार' हा आकडा असायचा, म्हणजे या सरदाराने इतके स्वार बाळगले पाहिजेत. पंचहजारी आपण सहज म्हणतो, पण त्या हजारांचा मूळ हिशेब हा असा. सरदार लोक हजेरीला उसनी तट्टं उभी करून पगार उचलायचे, म्हणून घोड्यांना डाग देण्याची पद्धत आली. सरकारी डागाचा घोडाच मोजायचा. भ्रष्टाचार आणि त्यावरचा इलाज, दोन्ही जुनेच आहेत.

तसंच साखरखेर्डा. ११ ऑक्टोबर १७२४ ला तिथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनेत स्वतःचं राज्य पक्कं केलं. हैदराबादच्या निजामशाहीचा पाया आपल्या शेजारच्या गावी घातला गेला. १७५७ साली सिंदखेडलाच निजामाच्या आणि पेशव्यांच्या फौजा समोरासमोर आल्या. एवढ्या फौजा इथे का यायच्या? बऱ्हाणपूर ते औरंगाबाद ही मोठी वाट इथून जवळ, आणि घोड्यांना पाणी, चारा मिळणारा मुलूख. घोडदळ नकाशावरच्या रेषेने चालत नाही, गवताच्या आणि पाण्याच्या रेषेने चालतं.

आता मराठ्यांची व्यवस्था. दोन शब्द सगळ्यांनी ऐकलेत, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, म्हणजे घरचा, गावातला, बहुतेक वेळा स्वतःच्या घोडीला झालेला. शेतकऱ्याच्या घरी घोडी असणं ही त्या काळात चैन नव्हती, ती कमाईची सोय होती. दसऱ्याला बाहेर पडायचं, पावसाच्या आत परत यायचं. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी पाण्याची पखाल वाहणारा, नालबंद नाल ठोकणारा. ज्याने ही रचना केली त्याला ठाऊक होतं की घोडं तलवारीने मरण्याआधी तहानेने आणि खुराने मरतं.

याच विषयावरचं शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७० च्या दशकातलं, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. पुष्कळदा ते रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका या अर्थाने सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण पत्र सबंध वाचा. ते मुळात चाऱ्याच्या हिशेबाचं पत्र आहे. महाराज सांगतात की दाणा-वैरणीचा साठा आहे तोवर मनमानी उधळाल, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरायला लागतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणाचं धान्य आणाल, कुणाचं गवत. लोक म्हणतील, यापेक्षा मोगल परवडला. पुढे तर इतकं बारीक, की गंजीजवळ कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा जळता राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि सगळी वैरण खाक होईल. एक राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतोय! मला विचाराल तर मराठी घोडदळाचं खरं रहस्य या पत्रात आहे. रणांगण फार पुढचं.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तो मी भराभर घेतो. संताजी-धनाजींची धावपळ, १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला पाण्यावाचून, रसदीवाचून कोंडलं ते, उत्तरेतल्या स्वाऱ्या. सगळीकडे हलकं खोगीर, थोडं सामान, आणि हे लहान घोडं. पण एक गोष्ट आपण विसरतो. या घोड्याची उतरती कळा इंग्रजांनी सुरू केली नाही. ती मराठ्यांच्याच फौजांत सुरू झाली होती. शेजारच्या जालना जिल्ह्यात असई आहे, जाफराबादजवळ. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई. तिथे शिंदे-भोसल्यांचं घोडदळ भरपूर होतं, पण लढाई खऱ्या अर्थाने लढली ती कवायती पायदळाने आणि तोफखान्याने. स्वार बऱ्यापैकी बघतच राहिले. मोठ्या सरदारांनी पैसा कधीच बंदुकांकडे वळवला होता.

१८१८ नंतर शिलेदार घरी बसला. काही जण इंग्रजांच्या रिसाल्यांत गेले. तिथे शिलेदारीची पद्धतच नाव न बदलता उचलली गेली, 'सिल्लादार' म्हणून. स्वाराने घोडा-सामान स्वतःचं आणायचं. पहिल्या महायुद्धानंतर तीही बंद झाली. दरम्यान लष्कराला उंच घोडा हवा होता, तो ऑस्ट्रेलियातून, न्यू साउथ वेल्समधून जहाजं भरभरून येऊ लागला. त्याला वेलर म्हणत. म्हणजे बघा, पुन्हा समुद्रावरूनच घोडा. मग रेल्वे आली, मग मोटार. टांग्याचा घोडा आपल्यापैकी वयस्कर मंडळींनी पाहिलाय. तोही गेला.

भाषेत मात्र घोडं जागच्या जागी राहिलं. घोडं पाळत नाही तो माणूसही "कामाला पायबंद बसला" म्हणतो. पायबंद ही घोड्याच्या पायाला बांधायची दोरी. एखाद्या समितीत नुसती माणसं वाढवली की आपण खोगीरभरती म्हणतो. खोगिरात चिंध्या-काथ्या भरायचा, ती मूळ खोगीरभरती. पाहुण्यांनी तोबरा भरला म्हणतो, तो घोड्याच्या तोंडाला बांधायचा चंदीचा पिशवीवजा तोबरा. शिवाय नालबंद, चाबुकस्वार, पागनीस, घोडके ही आडनावं. घोडं गेलं तरी त्याचं सामान आपल्या तोंडात उरलं.

पण घोडं पुरतं गेलं नव्हतं, आणि हा माझा मुख्य मुद्दा. पागा बंद झाल्या, शिलेदारांच्या दारातल्या दावणी मोकळ्या झाल्या, संस्थानिकांच्या तबेल्यांत परदेशी रक्त आलं. अशा वेळी भीमथडीचा घोडा राहिला तो धनगरांच्या वाड्यावर. वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढरांचा मुक्काम. बारामती, फलटण, माण, खटाव, पुरंदर या भागातले मेंढपाळ दसरा-दिवाळी झाली की निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही पूर्वेला. पावसाच्या तोंडावर परत. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची. लेंडी-मुताचं खत शेताला, आणि धान्य किंवा पैसे मेंढपाळाला. आपल्याकडे शेतकऱ्याला हे सांगायला नको.

या सगळ्या संसाराचं वाहन घोडं. आणि ते कुणाच्या हातात असतं? बाईच्या. पुरुष मेंढरं घेऊन रानारानाने जातात, चरत चरत, वळसे घेत. बायका घोडी लादून सरळ वाटेने पुढच्या मुक्कामाला पोचतात. पहाटे उठून पाल उतरवायचं, घड्या करायच्या, दाणे-पीठ, भांडी, अंथरुणं दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने बांधायची. एक बाजू जड झाली तर घोड्याची पाठ सोलते, आणि सोललेल्या पाठीचं घोडं म्हणजे अडकलेला संसार. वर चालू न शकणारी कोकरं, कोंबड्या, लहान मूल. मग घाट. वरातीत नाचणाऱ्या घोड्याला हे जमणार नाही. डांबरावर लॉरी अंगावरून गेल्यासारखी जाते तरी न बिथरणारं, रात्री कुत्री भुंकली तरी पाय न झाडणारं, पोराने शेपूट धरलं तरी गप्प उभं राहणारं जनावर पाहिजे. बिथरणारं घोडं या बायका ठेवतच नाहीत, विकून टाकतात. म्हणजे पैदाशीची निवड झाली, पिढ्यान्‌पिढ्या झाली, आणि ती या बायकांनी केली. बखरीत त्यांचं नाव नाही.

त्यांचा खंडोबाही घोड्यावर बसलेला, हे लक्षात घ्या. देव्हाऱ्यातल्या टाकावर घोडा आहे. तेव्हा घोडं म्हणजे नुसतं वाहन नव्हे त्यांच्या लेखी.

आता पुनरुज्जीवनाकडे येतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टं मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी. सात वर्षांत निम्म्याच्या जवळपास. अशा वेळी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदणी केली, २०२३-२४ च्या सुमारास. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, कच्छी-सिंधी यांच्या पंगतीत आपलं घोडं बसलं. बारामतीच्या बाजूच्या घोडाप्रेमींनी त्यासाठी बरीच खटपट केली होती. राज्यगीत आणि ही नोंदणी, दोन्ही जवळजवळ एकाच वर्षातल्या गोष्टी. योगायोगच.

नोंदणीने काय होतं? तोवर सरकारी कागदावर हे जनावर "गावठी", म्हणजे वर्णन नसलेलं होतं. ज्याला जात नाही त्याची गणना वेगळी होत नाही, त्याच्यासाठी वळू राखला जात नाही, योजना येत नाही. नोंदणीमुळे त्याची मापं, रंग, मुलूख, उपयोग लिहिले गेले. हे महत्त्वाचं काम आहे, मी त्याला कमी लेखत नाही.

पण नोंदणी झाली की बाजार जागा होतो, आणि इथे मला धास्ती वाटते. तुम्ही सारंगखेड्याला गेला असाल. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला भरणारी यात्रा. लाखालाखाचे घोडे येतात. तिथे किंमत कशाला? उंचीला, रंगाला, टोकं जुळलेल्या कानांना, नाचाला. ते सगळे गुण मारवाडी-काठियावाडीचे. आता समजा एखाद्या हौशी माणसाला भीमथडी घोडी मिळाली आणि त्याला वाटलं, थोडी उंच झाली तर भाव येईल, म्हणून त्याने तिला मारवाडी वळू दाखवला. शिंगरू देखणं होईल, दोन पैसे जास्त येतील. आणि तीन पिढ्यांत भीमथडी कागदावर राहील, जमिनीवर नाही. नाव वाचवताना घोडं घालवायचं, असा हा प्रकार होऊ शकतो.

याच्या उलट उदाहरण सांगतो, फार लांबचं. आइसलँड. उत्तर अटलांटिकमधलं बेट, ज्वालामुखी, बर्फ, धबधबे, चित्रासारखा देश. तिथलं घोडं आपल्या भीमथडीपेक्षा फार मोठं नाही. दिसायला तट्टूच, पण तिथले लोक त्याला तट्टू म्हटलेलं ऐकून घेत नाहीत. शतकानुशतकं बाहेरचा घोडा त्या बेटावर येऊ देत नाहीत. त्यांचा स्वतःचा घोडासुद्धा एकदा देशाबाहेर गेला, स्पर्धेसाठी का होईना, तर परत येऊ शकत नाही. रोगाची भीती हे कारण. विसाव्या शतकात तिथेही मोटारी आल्या आणि घोड्याचं काम संपलं असं वाटलं. मग गावोगावी स्वारीची मंडळं निघाली, १९५० साली पहिला राष्ट्रीय मेळावा भरला, आणि बाहेरचे प्रवासी तिथे घोड्यावर बसायलाच येऊ लागले. पण त्यांच्या घोड्याला कामही उरलं, हे त्याहून महत्त्वाचं. उन्हाळाभर डोंगरात सोडलेली मेंढरं शरद ऋतूत खाली आणायची, ती घोड्यावर बसून. अख्खा गाव जातो. मेंढरं आणि घोडं, हे समीकरण तिथेही तेच! फरक इतका, की त्यांनी मेंढपाळाच्या घोड्यालाच राष्ट्रीय घोडा मानलं. आपण राष्ट्रीय घोडा गाण्यात ठेवला आणि मेंढपाळाचा वाटेवर.

आपल्याकडचं बेटासारखं ठिकाण म्हणाल तर माथेरान. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने ते इंग्रजांच्या नकाशावर आणलं. १९०७ पासून नेरळहून छोटी गाडी जाते. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. वर गेली पावणेदोनशे वर्षं घोडं. प्रवासी घोड्यावर, गॅसच्या टाक्या आणि किराणाही घोड्यावर. आता तिथे ई-रिक्षा आल्या आहेत. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांची त्या कामातून सुटका झाली पाहिजे, यात दुमत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये ती पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. पण घोडेवाल्यांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. चढावर ठोकळ्यांचे रस्ते झाले की नालाखाली ते सटकतात, विशेषतः पावसात. लाल मातीच्या वाटेवर शंभर वर्षं चाललेलं जनावर ठोकळ्यावर पडतं. माथेरानचे घोडे नुसते भीमथडी नाहीत, मिश्र आहेत. पण शिकायचं ते हे: घोडं वाचवायचं तर त्याची वाट वाचवावी लागते.

आणि वाटेचा प्रश्न आपल्या दारातही आहे. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा तालुक्यांतून गेला. दोन्ही बाजूंना कुंपण. जनावरांसाठी खालून बोगदे ठेवलेत, पण कळपाची जुनी वाट आणि बोगद्याची जागा एकच असेल असं नाही. गायरानं आकसली. वनखात्याच्या हद्दीत दंड. मग मेंढपाळाची पुढची पिढी म्हणते, टेम्पो परवडतो. बिऱ्हाड टेम्पोत टाकलं की घोडी विकली. मी त्यांना दोष देणार नाही. पहाटे चारला उठून बारा कोस चालण्याचं कौतुक व्यासपीठावरून करायला काय जातं?

म्हणून मला वाटतं, पुनरुज्जीवनाची पहिली पायरी हौशी तबेल्यात नाही. ज्या घरात आज भीमथडी घोडी आहे, त्या घराला ती ठेवणं परवडलं पाहिजे. तिला भीमथडीच वळू जवळपास मिळावा. पशुवैद्य वाड्यावर यावा, वाड्याने दवाखाना शोधत फिरू नये. शिंगराला चांगला गिऱ्हाईक मिळावा. आणि हा गिऱ्हाईक कोण? तर स्वारी शिकणारी मुलं.

हे मी मुद्दाम बोलतोय. शहरांतल्या स्वारीच्या शाळांत मुलांना मोठमोठ्या थरोब्रेड घोड्यांवर बसवतात, शर्यतीतून निवृत्त झालेल्या. आठ वर्षांचं पोर आणि साडेपाच फुटी घोडा. पोर घाबरतं, घोडं बिथरतं. इंग्लंडमध्ये मुलं लहान पोनीवर शिकतात. आपल्याकडे त्याहून शांत, मुलांच्या अंगाखांद्यावर वाढलेलं जनावर असताना ते कुणी बघत नाही. आळंदीच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे येतात, एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, ती माउलींची जागा. रिंगण बघायला लोक झाडावर चढतात. घोड्याची ओढ आपल्यात आहे. तिला नुसतं बघण्यातून बसण्यापर्यंत न्यायचं आहे.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून विचारलं गेलं: गावात एखाद्याने घोडी ठेवायची म्हटली, तर काय लागतं? आणि मोठा माणूस तिच्यावर बसू शकतो का?)

बसू शकतो, पण हिशेबाने. साधारण नियम असा, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. सव्वादोनशे-अडीचशे किलोची घोडी असेल तर पंचेचाळीस-पन्नास किलो. म्हणजे मुलं, आणि अंगाने हलकी माणसं. माझ्यासारख्याने शेजारून चालावं! (हशा.) जुने स्वार जास्त वजन घेऊन जात असतील, पण त्यांच्या घोड्यांच्या पाठींचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

बाकी, कडबा आणि गवत हे मुख्य खाणं, चंदी काम असेल तेवढीच. काम नसताना हरभरा भरभरून घातला तर पाय धरतात किंवा पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने घोडं एका रात्रीत जातं. घोड्याला ओकारी येत नाही, खाल्लेलं परत काढता येत नाही, हे लक्षात ठेवा. दिवसभर थोडं थोडं चरायला मोकळं. एकटं ठेवू नका, दुसरं घोडं नसेल तर निदान बकरी-गाय सोबत असू द्या. धनुर्वाताची लस चुकवायची नाही, घोडं धनुर्वाताला फार लवकर बळी पडतं. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी कापावे लागतात. नाल नेहमी लागतोच असं नाही, डांबरावर काम असेल तर लागतो. रोज खरारा करा. आणि घोडी घेताना मेळ्यातल्या दलालाकडे जाण्याआधी, पुढच्या दिवाळीनंतर एखादा वाडा शेतात उतरला, तर तिथल्या बाईला विचारा. तिच्याकडे विकाऊ नसेलही. पण कोणत्या घोडीचं शिंगरू शांत निघतं, ते ती सांगेल.